वळवळत्या पायांवरील लोहाचा उतारा

दिवसभर निमूटपणे चालणारे पाय अंथरुणाला पाठ टेकताच बंड करून उठतात, पोटऱ्यांच्या आत खोलवर काहीतरी वळवळू लागते आणि पाय हलविल्याखेरीज जीव थाऱ्यावर येत नाही, अशी कैफियत मांडणारी माणसे बहुधा प्रत्येक पिढीत होऊन गेली असतील. परंतु त्या कैफियतीची युरोपीय वैद्यकाच्या दफ्तरी रीतसर नोंद होण्यास सतराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि नोंद झाल्यावरही तिचा निकाल लागण्यास आणखी तीनशे वर्षे गेली. पायात गोळा येणे ही गोष्ट वेगळी. गोळा आला म्हणजे स्नायू ताठरतो आणि दुखरी जागा बोटाने दाखविता येते. येथे मात्र धड दुखते असेही म्हणवत नाही, उठून चार येरझारा घातल्या की सारे शांत होते, आणि पुन्हा आडवे झाले की पहिले पाढे पंचावन्न.

ही नोंद करणारा वैद्य म्हणजे इंग्लंडातील थॉमस विलिस, ज्याचे नाव मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीवर्तुळाला आजही दिलेले आहे. १६७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात त्याने अशा रोग्यांचे वर्णन केले, की जे झोपावयास जातात न जातात तोच त्यांच्या हातापायांना झटके व आळोखेपिळोखे सुरू होतात आणि यातनागृहात डांबलेल्या कैद्याइतकीच त्यांना निद्रा दुर्लभ होते. एका खानदानी स्त्रीला त्याने लॉडॅनम, म्हणजे अफूचा अर्क, जवळजवळ तीन महिने देवविला व तिला गुण आला. अफूच्या कुळातील औषधे अगदी हट्टी रोग्यांसाठी आजही अल्प मात्रेत योजिली जातात, तेव्हा विलिसची तजवीज अगदीच आंधळी नव्हती असे म्हणावे लागते.

पुढचे पाऊल मात्र मागे पडले. १८६१ साली थिओडोर विटमाक या जर्मन वैद्याने याच विकाराला ‘नडग्यांची चिंता’ अशा अर्थाचे लॅटिन नाव देऊन त्याची गणना उन्मादात केली. ज्या तक्रारीला सूज नाही, व्रण नाही, नाडीत फरक नाही, ती रोग्याच्या मनाची उपज ठरवून मोकळे होण्याचा हा शिरस्ता सर्वच देशांतील वैद्यांना सोयीचा वाटत आला आहे. आमच्या घरांतूनही याहून बरी वागणूक मिळत होती असे नाही. बसल्या जागी पाय हलविणाऱ्या मुलाला ‘पाय हलवू नकोस, घरातली लक्ष्मी जाते’ असा दम भरला जाई, आणि त्या पायांना खरोखरच चैन पडत नसेल ही शंका कोणाच्या मनास शिवत नसे.

तरीसुद्धा रात्रीच्या वेळी त्याच घरांत पायांची बडदास्त उत्तम ठेवली जाई हे नमूद केले पाहिजे. पाय चेपणे, पोटऱ्यांना फडके आवळून बांधणे, आणि विशेषतः तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून काशाची वाटी घासणे, हे उपाय मराठी घरांत चांगलेच रुळलेले आहेत. पादाभ्यंगाची महती चरकाने सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगितली असून पायांचा रुक्षपणा, श्रम व बधिरता त्याने जाते असा त्याचा अभिप्राय आहे. वाग्भटानेही मस्तक, कान आणि पाय यांना विशेषेकरून तेल लावावे असे सांगितले आहे. वाटी फिरू लागली की थोड्याच वेळात तूप करडे आणि मग काळेभोर होते, आणि घरातील वडीलधारे समाधानाने म्हणतात, ‘बघ, किती उष्णता निघाली!’ वस्तुतः काशातील तांब्याची स्निग्ध पदार्थाशी व घामाशी जी क्रिया घडते तिचा तो रंग आहे. तथापि चोळण्याने घटकाभर आराम पडतो हे खरे, आणि डोळा लागण्यास कित्येकदा तेवढी घटका पुरते. सुश्रुताने वर्णिलेला ‘पादहर्ष’ म्हणजेच हा विकार, असे ठोकून देण्याचा मोह काहींना होतो. पण त्यात मुंग्या व बधिरता आहे, रात्रीची ती अनावर हालचाल नाही, म्हणून तो मोह आवरलेला बरा.

व्याधीला खरी प्रतिष्ठा दिली ती स्वीडनच्या कार्ल-ॲक्सेल एकबोम यांनी. १९४४ साली एक लेख व १९४५ साली एक संपूर्ण प्रबंध लिहून त्यांनी हा मनाचा खेळ नसून मज्जासंस्थेचा विकार आहे, आणि तो मुळीच विरळा नाही, हे दाखवून दिले. त्यांच्याच देशातील नॉर्डलँडर यांनी १९५३ साली रोग्यांच्या शिरेतून लोह देऊन पाहिले, आणि बावीसपैकी एकवीस जणांचा त्रास नाहीसा झाल्याचे नोंदविले. त्यांचे अनुमान तर आणखीच मार्मिक होते: रक्तातील लोह पुरेसे दिसत असूनही शरीराच्या ऊतींत त्याचा तुटवडा असू शकेल.

येथेच ही कथा संपावयास हरकत नव्हती. परंतु शिरेतून द्यावयाची त्या काळची लोहद्रव्ये धोक्याची होती, काही रोग्यांना त्यांची तीव्र बाधा होई, आणि सुईपेक्षा गोळी सर्वांनाच प्रिय. १९८२ साली तुर्कस्तानातील अकपिनार यांना असे आढळले, की मेंदूतील डोपामिन वाढविणाऱ्या लेव्होडोपा या कंपवातावरील औषधाचा या विकारातही गुण येतो. त्या जातीची औषधे इतक्या तत्परतेने काम करीत, की लोहाची फाईल जवळजवळ बासनात गेली. १९९६ साली बाल्टिमोरच्या ॲलन व अर्ली यांनी या गोळ्यांचा उलटा पैलू उजेडात आणला: दीर्घकाळ घेतल्यास त्रास रात्रीऐवजी दुपारीच सुरू होतो, अधिक तीव्र होतो आणि हातांपर्यंतही पोचतो. २००३ साली मृत रोग्यांच्या मेंदूंची तपासणी झाली, तेव्हा डोपामिन निर्माण करणाऱ्या भागातच लोहाची उणीव सापडली. डोपामिन घडविणाऱ्या विकराला लोहावाचून काम करता येत नाही, त्यामुळे या दोन उपायांचे नाते उघड झाले. आणि अर्धशतकापूर्वीचे नॉर्डलँडर यांचे अनुमान पुन्हा दफ्तराबाहेर आले. २०२५ साली अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेने जाहीर केलेल्या मार्गदर्शनात डोपामिनवर्धक गोळ्यांचा सरसकट वापर करू नये असे सुचविले असून शिरेतून दिल्या जाणाऱ्या लोहाच्या नव्या, अधिक सुरक्षित द्रव्याची शिफारस केली आहे.

ज्यांची रात्र या वळवळीत जाते, त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे. हिमोग्लोबिन ठीक आले म्हणून थांबू नये, लोहाचा साठा दाखविणारी ‘फेरिटिन’ ही चाचणीही मागून घ्यावी; प्रौढांत तिचा आकडा दर मिलिलिटरला ७५ नॅनोग्रॅम वा त्याहून कमी असल्यास या व्याधीपुरता तो अपुरा मानतात, मग प्रयोगशाळेने त्यापुढे ‘सामान्य’ असा शेरा मारलेला का असेना. गर्भवती स्त्रियांनी व मूत्रपिंडाच्या रोग्यांनी ही तक्रार डॉक्टरांपुढे मांडण्यास संकोचू नये. सर्दीवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, उलटीवरील काही औषधे आणि मनाच्या उदासीनतेवरील कित्येक गोळ्या यांनी त्रास वाढतो, तेव्हा चालू औषधांची यादी सोबत न्यावी. मात्र चाचणीवाचून लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण शरीरात साचलेले जादा लोह यकृताला बाधते.