चाकाचा धिरा

जुन्या वाड्याची भिंत कलली, की तिला लाकडाचा धिरा देतात. धिरा दिसायला ओबडधोबड असतो. पाहुण्यांना तो दाखवावा असे कुणाला वाटत नाही. पण वरचा सगळा भार त्याच्यावर आलेला असतो आणि तो काढून पाहण्याची कुणाची छाती होत नाही. मोटारीच्या चाकाशीही असाच एक धिरा उभा असतो. त्याला स्ट्रट म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री त्यालाही सरसकट ‘शॉकअप’च म्हणतात, पण दोघांत फरक आहे. तो फरक कळला, तर आजचा आपला प्रश्न निम्मा सुटेल.

प्रश्न साधा आहे. पन्नास वर्षांची जुनी स्पोर्ट्स कार एखाद्याने जपली आहे. खिसा बेताचा आहे. गाडीचे स्ट्रट गेले आहेत. परवडतील असे नवे स्ट्रट घ्यायचे, तर कोणते घ्यावेत? दुकानदार याचे उत्तर किमतीच्या यादीत शोधेल. मी कवितेचा माणूस, मला ते इतिहासात शोधावेसे वाटते. कारण ही वस्तू मुळात स्वस्त मोटारीच्या ध्यासातूनच जन्माला आलेली आहे.

आधी शॉकअपचे काम पाहू. खड्ड्यातून चाक गेले, की स्प्रिंग दबते आणि धक्का गिळते. पण गिळलेले सगळे ती परत करते. दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. गाडी डोलत राहते आणि चाकाची रस्त्यावरची पकड सुटत राहते. तबलजी डग्ग्यावर थाप मारतो आणि तळहात टेकवून घुमारा आवरतो, ते काम इथे शॉकअप करतो. त्याच्या नळीत तेल असते, तेलात दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा असतात. दट्ट्या हलला, की तेलाला त्या अरुंद वाटेने जावे लागते. त्यात उसळीचा जोर खर्ची पडतो आणि तेल गरम होते. म्हणजे शॉकअप रस्त्याचे धक्के उष्णतेत बदलून हवेत सोडून देतो.

हे शहाणपण एका दिवसात आले नाही. पहिल्या मोटारींना घोडागाडीचेच कमानपाटे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधल्या त्रुफोने घर्षणावर चालणारा शॉकअप काढला आणि एडवर्ड हार्टफर्डने तो अमेरिकेत आणला. क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टरने आधी मोटारीचे भोंगे बनवले, मग ‘स्नबर’ नावाचा, पट्ट्याने उसळी आवरणारा शॉकअप विकला. त्याच्या कंपनीचे नाव गॅब्रिएल. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे मुंबईत भेटणार आहे. फ्रान्सच्याच मॉरिस उदाईने तेलावर चालणारा शॉकअप केला आणि १९२७च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए या सामान्य माणसाच्या गाडीला तसे चार शॉकअप कारखान्यातूनच बसवून मिळू लागले.

आता खऱ्या नायकाकडे येऊ. अर्ल मॅकफर्सन हा १८९१ साली जन्मलेला अमेरिकन इंजिनिअर. दुसरे महायुद्ध संपत असताना जनरल मोटर्सने शेवरोले कॅडेट नावाची एक छोटी गाडी बनवायचे ठरवले आणि काम त्याच्याकडे सोपवले. अट अशी, की गाडी हजार डॉलरच्या आसपास विकता आली पाहिजे. अमेरिकेत तेव्हा मोठ्या, जड गाड्यांचा जमाना होता. हजार डॉलरमध्ये चांगली गाडी बसवायची, तर प्रत्येक सुट्ट्या भागाला ‘तू इथे कशाला?’ असे विचारणे भाग होते.

मॅकफर्सनने तो प्रश्न चाकांना विचारला. त्या काळच्या रचनेत पुढच्या चाकाला वर एक हात, खाली एक हात, सांधे, स्प्रिंग आणि वेगळा शॉकअप असे. त्याने वरचा हातच काढून टाकला. शॉकअपची नळी जाड आणि मजबूत केली, तिच्याभोवती स्प्रिंग बसवली, खालचे टोक चाकाच्या धारकाला घट्ट जोडले आणि वरचे टोक रबराच्या बैठकीतून गाडीच्या पत्र्याच्या सांगाड्याला टेकवले. आतापर्यंत नुसती उसळी आवरणारा शॉकअप आता चाकाला उभेही धरू लागला. नोकर होता, तो घरचा खांब झाला. हाच मॅकफर्सन स्ट्रट. कॅडेटच्या चारही चाकांना त्याने तो योजला होता.

पण कॅडेट बाजारात आलीच नाही. युद्धानंतर लोक मिळेल ती मोठी गाडी मिळेल त्या किमतीला घेत होते. कमी नफ्याच्या छोट्या गाडीत कंपनीला राम वाटला नाही आणि १९४७ साली हे काम बंद झाले. मॅकफर्सन जनरल मोटर्स सोडून फोर्डमध्ये गेला. जाताना आपली कल्पना डोक्यात घेऊन गेला. ऑक्टोबर १९५०मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात फोर्डच्या ब्रिटिश शाखेने कॉन्सल आणि झेफर या दोन गाड्या मांडल्या. त्यांच्या पुढच्या चाकांना हे स्ट्रट होते. मॅकफर्सन पुढे फोर्डचा इंजिनिअरिंग विभागाचा उपाध्यक्ष झाला, १९५८मध्ये निवृत्त झाला आणि १९६० साली वारला. हजार डॉलरची गाडी त्याला रस्त्यावर पाहायला मिळाली नाही. पण तिच्यासाठी घडवलेला भाग मात्र जगभर गेला.

गंमत पुढेच आहे. गरिबाच्या गाडीसाठी केलेली ही युक्ती स्पोर्ट्स कार बनवणाऱ्यांनी उचलली. लोटसच्या कॉलिन चॅपमनने १९५७ साली तशीच रचना मागच्या चाकांना वापरली. १९६४ साली विक्रीला आलेल्या पोर्शे ९११च्या पुढच्या चाकांनाही स्ट्रट होते. वजन कमी, भाग थोडे, जागा मोकळी. वेगाच्या शौकिनांनाही नेमके हेच हवे होते.

आणि १९६९ साली निस्सानने डॅट्सन २४० झेड अमेरिकेत दाखवली. लांब नाक, मागे उतरते छप्पर, सहा सिलिंडरचे २.४ लिटरचे इंजिन, आणि किंमत ३,५२६ डॉलर. जग्वार आणि पोर्शे यांच्या तुलनेत ही किंमत फारच कमी होती. अमेरिकेतला निस्सानचा कारभार पाहणारे युताका काटायामा या गाडीमागे ठामपणे उभे होते. पगारदार माणसालाही घेता येईल अशी खरी स्पोर्ट्स कार त्यांना हवी होती. ती त्यांना मिळाली. १९७१मध्ये पूर्व आफ्रिकेच्या खडतर सफारी रॅलीत ही गाडी पहिली आली. १९७८पर्यंत २४०, २६० आणि २८० झेड मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. आणि या गाडीच्या चारही चाकांना स्ट्रट होते. कॅडेटचे स्वप्न असे दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच रूपात उतरले.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. पन्नास वर्षांची २४० झेड, आणि ब्रेक दाबला की नाक खाली जाते, वळणावर गाडी कलंडल्यासारखी वाटते, टायर ठिकठिकाणी खोलगट झिजले आहेत, नळीवर तेल ओघळले आहे. स्ट्रट बसले. ओल्या रस्त्यावर अशा गाडीला थांबायला जास्त अंतर लागते. खर्चाची बाब म्हणून हे टाळता येण्यासारखे नाही. तो जिवाचा प्रश्न आहे.

इथे जुन्या रचनेची एक कृपा कामी येते. झेडच्या स्ट्रटची बाहेरची नळी चाकाच्या धारकालाच वेल्ड केलेली आहे, पण तिच्या माथ्यावर मोठा आटे पाडलेला नट आहे. तो सोडवला, की आतला दट्ट्या, त्याची नळी आणि जुने तेल बाहेर काढता येते आणि त्या जागी एक बंद, तयार नळकांडे सोडता येते. त्याला कार्ट्रिज म्हणतात. शाईच्या पेनात नवी कांडी घालावी तसे. म्हणजे बदलायचे ते आतले काळीज, बाहेरचा देह तोच. स्वस्ताईची पहिली वाट हीच.

कार्ट्रिज कोणाचे? जपानच्या केवायबीचे साधे, कमी दाबाचा गॅस भरलेले कार्ट्रिज बहुतेकांना पुरते. ते मूळच्या शॉकअपहून किंचित कडक असते, पण मूळ स्प्रिंगशी त्याचे जमते. या कंपनीची सुरुवात १९१९ साली शिरो कायाबा यांच्या संशोधनशाळेतून झाली आणि विमानांच्या चाकांना धक्के सोसायला शिकवणे हे तिचे जुने काम. दुसरी वाट नेदरलँड्सच्या कोनीची. १८५७ साली घोडागाडीचे सामान बनवायला निघालेला हा कारखाना १९३२पासून शॉकअप बनवतो. कोनीचा कडकपणा कमी-जास्त करता येतो, तो टिकतो, पण महाग पडतो. रोज घाटात किंवा शर्यतीच्या मार्गावर गाडी पळवणाऱ्याने तो घ्यावा. रविवारी सकाळी फेरफटका मारणाऱ्याला केवायबी घेऊन उरलेले पैसे दुसरीकडे लावता येतात.

ते दुसरीकडे म्हणजे कुठे, हे महत्त्वाचे. स्ट्रटच्या माथ्यावरची रबराची बैठक आणि पुढचे बेअरिंग, खालच्या हातांचे बुश आणि शेवटी चाकांचे अलाइनमेंट. पन्नास वर्षांचे रबर दगडासारखे झालेले असते. त्याच्यावर जगातला सर्वांत महाग शॉकअप बसवला, तरी गाडी खडखडणारच. म्हणून माझ्या मते बेताच्या पैशांत मध्यम कार्ट्रिज आणि सगळे रबर नवे, हा हिशेब उत्तम. कार्ट्रिज नेहमी जोडीने बदलावे, पुढचे दोन किंवा मागचे दोन. गाडीचे वर्ष आणि मॉडेल सांगूनच घ्यावे, मापे वेगळी असतात. नळीत थोडे तेल घालून मगच कार्ट्रिज सोडावे, म्हणजे त्याची उष्णता बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचते. आणि दाबलेली स्प्रिंग सोडवण्याचे काम योग्य शिकंजा असलेल्या जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. ती सुटली तर हात मोडते.

तिसरी वाट मोहाची आहे. उंची कमी-जास्त करता येणारे, रंगीत, चकचकीत संच अनोळखी नावांनी स्वस्तात मिळतात. त्यातले काही बसवायला मूळ नळी कापावी लागते. इथे थांबून विचार करावा. कापलेली नळी परत जोडता येते, पण मूळची होत नाही. तीच नळी चाक धरून असते, आणि तिच्या जागी जुन्या बाजारातून आणलेली दुसरी नळी कधी कुठे वाकली असेल ते डोळ्यांना दिसत नाही. साध्या शॉकअपवर आडवा भार फारसा येत नाही. स्ट्रटवर तो सतत येतो, म्हणून त्याचा दांडा जाड असतो. मिस्त्री दोघांना एकाच नावाने हाक मारतात खरे, पण शॉकअप निकामी झाला तर गाडी डोलते आणि स्ट्रट वाकला तर चाकच तिरके उभे राहते.

मित्रहो, हे सगळे दूर अमेरिकेचे वाटेल, पण या धिऱ्याचा पत्ता आपल्या गल्लीतही आहे. भोंगेवाल्या फॉस्टरच्या गॅब्रिएलचे नाव घेऊन १९६१ साली मुंबईत गॅब्रिएल इंडिया उभी राहिली आणि मुलुंडला शॉकअप बनू लागले. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होते. जानेवारी २००८मध्ये टाटांनी नॅनो दाखवली, तिलाही पुढे तेच. एक लाखाची गाडी आणि हजार डॉलरची गाडी, दोन्ही एकाच हट्टाची लेकरे. एक बाजारात आलीच नाही, दुसरी आली आणि दहा वर्षांच्या आसपास थांबली. दोघींचे हिशेब चुकले असतील, पण दोघींनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता.

स्वस्त या शब्दाला आपण हल्ली फार हलके करून टाकले आहे. मॅकफर्सनची स्वस्ताई वेगळी होती. अनावश्यक हात त्याने काढला, पण जो खांब ठेवला तो जाड केला. जुनी गाडी जपणाऱ्यानेही तेवढेच करावे. दिखाव्यावरचा खर्च खुशाल काढावा आणि ज्याच्यावर चाक उभे आहे तिथे मात्र एक पैसाही वाचवू नये.