फळीवरचे कर्नल

पोलिश भाषेंत ‘पुवकोव्हनिक’ म्हणजे पलटणीचा कर्नल. आणि त्याच भाषेंत फळीला ‘पुवका’ म्हणतात. सरकारच्या पैशानें तयार झालेला, परंतु सरकारच्याच हुकुमानें प्रेक्षकांपासून दूर ठेवलेला चित्रपट कपाटांतील फळीवर वर्षानुवर्षें पडून राही. अशा चित्रपटालाहि तेथील लोक ‘पुवकोव्हनिक’ म्हणूं लागले. लिहितांना एका अक्षराचा फरक, उच्चारांत मुळींच नाहीं. कर्नलचें नांव घेणें हा कांहीं गुन्हा नव्हे, तेव्हां ह्या थट्टेला सरकारजवळ उत्तर नव्हतें! पैसा द्यायचा, चित्रपट काढूं द्यायचा आणि मग तो दडपायचा, हा व्यवहार वरवर वेडेपणाचा दिसतो. तो कसा घडला, हें समजून घ्यावयाचें तर त्या देशांतील चित्रपटसंस्थांची घडण पाहिली पाहिजे.

चित्रपट जपून ठेवावेत हा विचार प्रथम जोरानें मांडणारा मनुष्य पोलिशच होता, हा एक दैवदुर्विलास. १८९८ सालीं बोलेस्वाव्ह मातुशेव्हस्की ह्या छायाचित्रकारानें पॅरिसमध्यें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध करून, चलच्चित्रें हीं इतिहासाचीं साधनें असून त्यांच्यासाठीं स्वतंत्र संग्रहालय हवें, अशी मागणी केली. त्या वेळीं पोलंड हें राष्ट्र नकाशावर नव्हतें. रशिया, जर्मनी व ऑस्ट्रिया ह्यांनीं तें आपसांत वांटून घेतलें होतें. १९१८ सालीं स्वातंत्र्य मिळाल्यावर चित्रपटाचा धंदा खाजगी कंपन्यांच्या हातीं राहिला. त्यांत करमणुकीचा माल पुष्कळ निघाला. यिद्दिश भाषेंतील ‘दिब्बुक’ (१९३७) ह्यासारखीं मोलाचीं कामेंहि झालीं. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट म्हणजे १९३० सालीं वॉर्सांत स्थापन झालेलें ‘स्टार्ट’ नांवाचें कलाप्रेमी तरुणांचें मंडळ. चित्रपट ही समाजाच्या उपयोगाची कला आहे, तिला केवळ गल्ल्याच्या भरंवशावर सोडूं नये, असा त्यांचा आग्रह होता. वांदा याकुबोव्हस्का व येझी टेप्लिट्स हीं त्यांपैकींच.

महायुद्धानें वॉर्सा जमीनदोस्त झाली. १९४५ च्या नोव्हेंबरांत नव्या राजवटीनें साऱ्या चित्रपटव्यवसायाचें राष्ट्रीयीकरण केलें, आणि काम सुरू झालें तें वूच ह्या गिरण्यांच्या शहरांत (नकाशांत त्याचें नांव लॉड्झ असें आढळेल), कारण तेथील इमारती शाबूत होत्या. स्वतः ऑश्‍व्हिट्सच्या छावणींत बंदी असलेल्या याकुबोव्हस्काबाईंनीं त्याच छावणींत जाऊन ‘अखेरचा टप्पा’ हा चित्रपट घेतला. तो १९४८ सालीं पडद्यावर आला. त्याच वर्षीं वूच येथें चित्रपटविद्यालय निघालें. एका गिरणीमालकाच्या वाड्यांत भरणाऱ्या ह्या शाळेंतून पुढें आंद्रे वायदा, पोलान्स्की, किस्लोव्हस्की असे दिग्दर्शक बाहेर पडले. ‘स्टार्ट’वाल्या तरुणांनीं जें मागितलें होतें तें मिळालें, फक्त देणाऱ्याचा हात त्यांच्या मानेवरहि होता.

ह्या हाताची पकड सैल झाली ती १९५५ नंतर. त्या सालीं चित्रपटनिर्मिति ‘झेस्पूव’ नांवाच्या लहान लहान मंडळांकडे सोंपविण्यांत आली. पैसा सरकारचाच, परंतु मंडळाचा प्रमुख सामान्यतः स्वतः दिग्दर्शक, त्याच्या जोडीला एक साहित्यिक सल्लागार आणि एक व्यवस्थापक. संहितेवर पहिली चर्चा ह्या घरांतच व्हावयाची. शेवटचा शब्द वरिष्ठांचाच असे, हें खरें. पण ज्याच्याशीं दिग्दर्शकाला आधीं वाद घालावा लागे तो कारकून नसून दुसरा दिग्दर्शक होता. आमच्या मतें पोलिश चित्रपटाचें सारें तेज ह्या एवढ्याशा व्यवस्थेंत आहे. येझी काव्हालेरोविच ह्यांच्या ‘काद्र’ मंडळांत वायदांनीं ‘राख आणि हिरे’ (१९५८) काढला. नव्या राजवटीविरुद्ध शस्त्र धरणारा तरुण त्यांत मरतो, आणि प्रेक्षकाचा जीव त्याच्यासाठींच तुटतो!

१९६८ सालीं ज्यूविरोधी मोहीम उठली. मंडळें मोडून नव्यानें जुळविण्यांत आलीं. टेप्लिट्स ह्यांना विद्यालयाच्या प्रमुखपदावरून काढण्यांत आलें. ह्या गृहस्थांनीं पुढें ऑस्ट्रेलियांत जाऊन तेथील राष्ट्रीय चित्रपटविद्यालयाची धुरा वाहिली. पोलंडनें घालविलेला शिक्षक दुसऱ्या खंडाला लाभला.

१९७२ पासून मंडळांना पुन्हा बळ आलें, आणि वायदांच्या हातीं ‘एक्स’ हें मंडळ आलें. ‘संगमरवरी माणूस’ हा त्यांचा चित्रपट १९७७ सालीं निघाला. त्याची संहिता त्यापूर्वीं दहा वर्षांहून अधिक काळ पडून होती. एकेकाळीं सरकारनें डोक्यावर घेतलेल्या व मग विसरलेल्या गवंड्याचा शोध एक तरुण विद्यार्थिनी घेते. त्याचा पुतळा तिला संग्रहालयाच्या कोठारांत आडवा पडलेला सांपडतो. त्याचीं खरीं चित्रें जुन्या, कधींच न दाखविलेल्या फितींत सांपडतात. फळीवरच्या चित्रपटाविषयींचाच हा चित्रपट म्हणाना!

ह्या विद्यार्थिनीची भूमिका करणारी क्रिस्तिना यांदा हिच्याच वांट्याला पुढें सर्वांत प्रसिद्ध ‘कर्नल’ आला. रिशार्द बुगायस्की ह्यांचा ‘उलटतपासणी’ हा चित्रपट ‘एक्स’ मंडळानेंच काढला. स्टालिनच्या काळीं विनाकारण तुरुंगांत डांबलेल्या एका गायिकेची ती कथा. काम संपत आलें असतां १३ डिसेंबर १९८१ रोजीं देशांत लष्करी कायदा पुकारला गेला. तरीहि चित्रपट पुरा करण्यांत आला. १९८२ सालीं तो अधिकारी व व्यवसायबंधु ह्यांच्या बैठकींत दाखविला, तेव्हां त्याला दोष देणाऱ्यांत कांहीं दिग्दर्शकहि होते. घरांतल्या माणसांचा न्याय नेहमींच घरच्यासारखा असतो असें नाहीं. चित्रपट फळीवर गेला. १९८३ सालीं ‘एक्स’ मंडळ मोडलें. बुगायस्की कॅनडांत गेले. परंतु फळीनें ह्या खेपेस दगा दिला. व्हिडिओ-कॅसेटवर उतरवलेल्या प्रती गुपचूप घरोघर फिरल्या, आणि ज्यांनीं तो पाहूं नये अशी योजना होती त्यांनीं तो पडदे ओढून पाहिला. १९८९ च्या डिसेंबरांत तो रीतसर प्रदर्शित झाला, व पुढच्या वर्षीं कान येथें यांदा हिला अभिनयाचें पारितोषिक मिळालें.

त्यानंतर बाजार आला. सरकारी पैसा आटला तसा चित्रपटांवर संकटाचा काळ आला, आणि २००५ सालीं कायद्यानें पोलिश चित्रपटसंस्था स्थापून, दूरचित्रवाणी, चित्रपटगृहें व वितरक ह्यांच्या उत्पन्नांतून शेंकडा दीड भाग तिच्याकडे वळविण्यांत आला. ‘इडा’ (२०१३) सारखे चित्रपट ह्याच व्यवस्थेंतले. ‘काद्र’ व ‘तोर’ ह्या जुन्या मंडळांचीं नांवें मात्र सरकारी स्टुडिओंच्या रूपानें पुष्कळ दिवस टिकलीं. २०१९ सालीं वॉर्सांतील एका मोठ्या सरकारी चित्रसंस्थेंत तीं दोन्ही विलीन करण्यांत आलीं.