नळी, वॉशर आणि साष्टीचं पाणी

मुंबईच्या घरात नळ कधी आला, असं कुणाला विचारलं तर "कधी आला म्हणजे? असतोच की!" असं उत्तर येईल. पण मुंबई बेटाला नळाचं पाणी मिळालं ते १८६० साली. त्याआधी सगळी भिस्त विहिरी आणि तलावांवर. १८५४ च्या टंचाईने सरकारचे डोळे उघडले, १८५६ ला हेन्री कॉनीबेअरच्या योजनेनुसार विहारचं काम सुरू झालं आणि चार वर्षांत पाणी शहरात पोचलं. पुढे तुळशी (१८७९), तानसा (१८९२) आणि स्वातंत्र्यानंतर वैतरणेवरचं मोडक सागर (१९५७).

आता यातली गंमत बघा. विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव साष्टीतले. म्हणजे आमच्या बाजूचे! पाणी इथे साठायचं आणि नळातून दक्षिणेला जायचं. साष्टीतली गावं मात्र विहिरीच उपसत राहिली. मढला तर तिन्ही बाजूंनी समुद्र. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळा वाढला की मचूळ लागायला लागतं. पावसाळ्यात एवढं पाणी कोसळणाऱ्या गावात मे महिन्यात गोड्या पाण्याची कळशी ही चैन!

नळाचं पाणी आलं तेव्हा सगळ्यांनी त्याचं आनंदाने स्वागत केलं असंही नाही. नळात चामड्याचा वॉशर असतो, मग ते पाणी सोवळ्यात चालेल का, हा प्रश्न त्या काळी खरोखर गंभीर होता. अनेक घरांत नळ आल्यावरही पूजेचं आणि पिण्याचं पाणी विहिरीचंच असायचं. आपल्याला आज हसू येतं. पण विहिरीवर कोणी पाणी भरायचं आणि कोणी लांब उभं राहायचं, हे ठरवणाऱ्या समाजात एका चामड्याच्या चकतीने सगळ्यांना एकाच नळावर आणलं, ही काही लहान गोष्ट नव्हे.

उपनगरं महापालिकेत आली ती दोन टप्प्यांत. १९५० ला जोगेश्वरी-भांडुपपर्यंतची आणि १९५७ ला दहिसर-मुलुंडपर्यंतची. मालाड, मढ या दुसऱ्या टप्प्यातले. पण हद्दीत येणं वेगळं आणि नळाला पाणी येणं वेगळं. शेजारच्या गोरेगावात मृणाल गोरे १९६१ ला नगरसेविका झाल्या आणि पाण्यासाठी त्यांनी इतका लढा दिला की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायला लागले. हंडे घेऊन रस्त्यावर आलेल्या बायका हा उपनगरांच्या इतिहासाचाच एक भाग आहे, पण कुठल्याही धरणाच्या कोनशिलेवर त्यांची नावं नाहीत.

त्या पिढीचं स्वयंपाकघर आठवून बघा. ओळीने पिंपं, नळाच्या तोंडाला बांधलेलं फडकं आणि त्यात खोवलेली प्लास्टिकची नळी. पाणी आलं की नळी या पिंपातून त्या पिंपात. आपल्याकडची स्वयंपाकघरातली पहिली 'नळी' ती. आता सिंकवर ओढून बाहेर काढायचा फवारा आलाय, पण काम तेच, पाणी भांड्यापर्यंत न्यायचं.

मढच्या खाऱ्या हवेत या फवाऱ्याच्या नळीवरची धातूची जाळी गंजते. परवा मी ती बदलली. कुणाला करायची असेल तर सांगतो. आधी सिंकखालचा अँगल कॉक बंद करा आणि नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. नळीवर एक वजन अडकवलेलं असतं. फवारा आपोआप आत जातो तो त्याच्यामुळे, म्हणून त्याची जागा लक्षात ठेवून ते काढा. मग फवारा आणि खालचा जोड सोडवा आणि जुनी नळी नळाच्या मानेतून ओढून घ्या. नवी त्याच वाटेने घाला, वॉशर नीट बसवा, हाताने आवळा आणि पान्याने अगदी थोडा पीळ द्या. वॉशरच्या जोडाला टेफ्लॉन टेप लागत नाही. पाणी आटे अडवत नाहीत, वॉशर अडवतो. शेवटी वजन जागेवर लावा, कॉक हळूहळू उघडा आणि खाली कोरडा कागद ठेवून गळतंय का बघा.

तोच वॉशर, बरं का! फक्त चामड्याचा रबरी झालाय, आणि आता त्याचं सोवळंओवळं कुणी बघत नाही.

मुंबईला आजही नळाला चोवीस तास पाणी नाही. ठरल्या वेळी येतं, टाकीत साठतं आणि मग आपल्याला ते सतत असल्यासारखं वाटतं. शंभर किलोमीटरवरून, शहापूर-मोखाड्याच्या डोंगरातून ते येतं. त्या शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या तलावांचं पाणी शहराकडे जाताना साष्टीतले लोक बघत होते. आज त्या जागी ते आहेत आणि शहराच्या जागी आपण.