कंपवात, जीवनसत्त्वे आणि जपून ठेवलेले रक्त

कंपवाताचे पहिले नेमके वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एका छोट्या पुस्तिकेत केले. सहा रुग्णांच्या निरीक्षणावर आधारलेल्या या पुस्तिकेत हाताचा कंप आणि पुढे झुकून धावती होत जाणारी चाल यांची नोंद आजही पटावी इतकी अचूक आहे. बुद्धी मात्र शाबूत राहते, असे त्यांनी लिहिले. पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांना ते मान्य नव्हते, तरी दीर्घकाळ कंपवाताकडे हालचालींचा आजार म्हणूनच पाहिले गेले. सिडनीत रुग्णांच्या एका गटाचा वीस वर्षे मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले, तेव्हा हयात रुग्णांपैकी ८३ टक्क्यांना स्मृतिभ्रंश झालेला होता. घरच्या माणसांना कंपापेक्षा हेच जास्त जड जाते.

या आजारात जीवनसत्त्वे आली ती प्रथम औषध म्हणून. बी-६ हे जीवनसत्त्व १९३९ मध्ये प्रयोगशाळेत तयार करता आले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत ते कंपवाताच्या रुग्णांना टोचून पाहण्यात आले. सुरुवातीला आशा वाटली, पण गुण टिकला नाही.

खरे वळण मिळाले ते लेव्होडोपामुळे. कंपवातात मेंदूतील डोपामाइन घटते, हे व्हिएन्नात १९६० मध्ये सिद्ध झाले. डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरत नाही, त्याचा पूर्वपदार्थ लेव्होडोपा मात्र शिरतो. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन येथे जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ मध्ये या औषधाची मात्रा हळूहळू वाढवत पार कित्येक ग्रॅमपर्यंत नेली आणि जखडलेली माणसे हालचाल करू लागली. मग १९६९ मध्ये लक्षात आले की, या रुग्णांनी बी-६ घेतले तर काही दिवसांतच औषधाचा गुण ओसरतो. लेव्होडोपाचे डोपामाइन करणाऱ्या एन्झाइमला बी-६ लागते. ते मुबलक मिळाले की हे रूपांतर मेंदूबाहेरच उरकते आणि मेंदूपर्यंत फारसे काही पोचत नाही. त्यामुळे ताकदीची साधी गोळीसुद्धा रुग्णांना वर्ज्य झाली. मेंदूबाहेरच्या या एन्झाइमला रोखणारे कार्बिडोपा १९७० च्या दशकात लेव्होडोपाच्या जोडीने एकाच गोळीत आले, तेव्हा हे पथ्य सुटले. पण कार्बिडोपा बी-६ लाही बांधून ठेवते. मोठी मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्यांत आता त्याच जीवनसत्त्वाची कमतरता आढळते.

पुढची पाळी ई जीवनसत्त्वाची. चेतापेशींची ऑक्सिडीकरणाने होणारी झीज ते थांबवेल, या अपेक्षेने अमेरिका व कॅनडात १९८७ पासून ‘डेटाटॉप’ ही चाचणी झाली. आजाराची नुकतीच सुरुवात झालेले ८०० रुग्ण तीत होते. ई जीवनसत्त्वाचा काहीही उपयोग झाला नाही. तरीही ही चाचणी वाया गेली असे म्हणता येत नाही, कारण रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. तीसेक वर्षांनी, आता बी-१२ जीवनसत्त्व आणि होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल यांसाठी, त्यांची तपासणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सुरुवातीला बी-१२ कमी असलेल्यांची चाल आणि तोल अधिक वेगाने बिघडल्याचे दिसले. होमोसिस्टीन वाढलेल्यांची बौद्धिक क्षमता अधिक वेगाने घटली होती. दोन्ही गोष्टी एकत्र आढळल्या एवढेच यातून कळते, एकीमुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. पण या रुग्णांनी तोवर लेव्होडोपा घेतलेला नव्हता, म्हणून सुरुवातीच्या फरकाचा दोष त्या औषधावर टाकता येत नाही.

पुढे मात्र औषधही होमोसिस्टीनमध्ये भर घालते. लेव्होडोपाचा काही भाग शरीर मेथिल गट जोडून निकामी करते आणि या क्रियेत होमोसिस्टीन तयार होते. त्याचे पुन्हा उपयुक्त द्रव्यात रूपांतर करायला बी-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वे लागतात. फोलेटचा शोध मुंबईतूनच सुरू झाला. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरांनी १९२८ पासून मुंबईत गरोदर गिरणी कामगार स्त्रियांचा रक्तक्षय अभ्यासला आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे १९३१ मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य फोलेट होते, हे नंतर स्पष्ट झाले. बी-१२ हाती आले १९४८ मध्ये. ते वनस्पतीजन्य अन्नात जवळजवळ नसते, शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधातून मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी शहर व खेड्यांतील ४४१ पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त निघाले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ही पाहणी कंपवाताच्या रुग्णांची नव्हती. पण इथल्या एखाद्या रुग्णाची लेव्होडोपाची पहिली गोळी सुरू होते, तेव्हा त्याच्या रक्तात ही कमतरता आधीपासून असू शकते, आणि ती साध्या तपासणीत कळते.