यामाशिना होंगानजी : मठाधिपतींच्या मातीच्या कोटाचे अवशेष

यामाशिना होंगानजी हा जपानमधील क्योतो शहराच्या पूर्वेकडील पंधराव्या शतकातील तटबंदीयुक्त बौद्ध मठ होय. मध्ययुगीन युरोपात काही बिशप धर्मगुरू असूनही किल्ले व सैन्य बाळगीत. जपानमध्ये त्यांच्याशी तुलना करता येईल अशी सत्ता जोदो शिनशू पंथाच्या होंगानजी मठाधिपतींकडे होती. या पंथात धर्मगुरूंना विवाहाची मुभा असल्यामुळे हे पद वंशपरंपरेने चालत असे.

१४६५ मध्ये हिएई पर्वतावरील सशस्त्र भिक्षूंनी क्योतोतील मूळ होंगानजी उद्ध्वस्त केला. आठवे मठाधिपती रेन्न्यो (१४१५–१४९९) यांनी १४७८ मध्ये यामाशिना येथे नव्या मठाची उभारणी आरंभिली. १४८३ पर्यंत मुख्य वास्तू पूर्ण झाल्या. मठाचे तीन विभाग होते : मध्यभागी मंदिरे, त्यांना लागून मठाशी संबंधित कुटुंबांची घरे आणि त्यापलीकडे व्यापारी व कारागिरांची वस्ती. महाराष्ट्रातील गढ्यांप्रमाणे येथील संरक्षणाची भिस्त मातीवर होती. उंच मातीचे तट आणि खोल खंदक यांनी हे विभाग वेढलेले होते.

मठाचे खरे बळ मात्र त्याच्या अनुयायांत होते. १४८८ मध्ये कागा प्रांतातील अनुयायांनी तेथील शासकाला पदच्युत केले आणि सुमारे शतकभर त्या प्रांतावर पंथाचा प्रभाव राहिला. हेच बळ पुढे संकटाचे कारण ठरले. १५३२ मध्ये सरदार होसोकावा हारुमोतो यांनी प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मठाचे साहाय्य घेतले. परंतु पेटून उठलेले अनुयायी कोणालाच आवरेनात. तेव्हा हारुमोतो मठावर उलटले. त्यांच्या बाजूने रोक्काकू सादायोरी यांचे सैन्य आणि क्योतोतील निचिरेन पंथीय नागरिक यांनी यामाशिना जाळून टाकले. चारच वर्षांनी, १५३६ मध्ये, क्योतोतील निचिरेन मंदिरेही हिएईच्या भिक्षूंनी भस्मसात केली.

दहावे मठाधिपती शोन्यो यांनी मठाचे केंद्र ओसाका येथे हलविले. तेथील मठाने १५७० ते १५८० या काळात ओदा नोबुनागांशी झुंज दिली. शरणागतीनंतर तोही जळाला आणि त्या जागी १५८३ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी यांनी ओसाका किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. त्यामुळे ओसाका येथील मठाच्या खुणा जवळजवळ पुसल्या गेल्या.

यामाशिनाचा बराचसा परिसरही आज घरांखाली गेला आहे. तथापि यामाशिना मध्यवर्ती उद्यानात वृक्षांनी आच्छादलेला तटाचा एक भाग शिल्लक आहे. क्योतोहून रेल्वेने पुढच्याच यामाशिना स्थानकावर उतरून तेथे पायी जाता येते.