आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात बाई कुठं आहे?

आज आपण आपल्या बीड जिल्ह्याची गोष्ट बघू. जिल्ह्याचा इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण बीडचं जुनं नाव चंपावतीनगर. विक्रमादित्याच्या बहिणीनं, चंपावतीनं, हे नाव ठेवलं अशी दंतकथा आहे. अंबाजोगाईला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत. पुढं योगेश्वरी देवीच्या नावानं गाव पुन्हा ओळखलं जाऊ लागलं. म्हणजे नावात बाई आहे. मग इतिहासात का दिसत नाही?

देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, पण आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला, तेव्हा आपल्याकडं स्वातंत्र्य आलं. तेरा महिने उशिरा. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चाले, म्हणून जुन्या दफ्तरात उर्दू आणि मोडीचे कागद सापडतात. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात.

आता जिल्ह्याची ठेवण बघा. मधून बालाघाटाचा डोंगर गेलाय. उत्तरेला गोदाकाठ, गेवराई-माजलगावची काळी जमीन. वर पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी हा डोंगरपट्टा. माती हलकी, पाऊस बेभरवशाचा. बीड, केज, अंबाजोगाई आणि परळी धरून तालुके अकरा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 25 लाख 85 हजार, शंभरातली ऐंशी माणसं खेड्यात, वाडी-वस्तीवर, तांड्यावर राहणारी.

1972 च्या दुष्काळात बायांनी खडी फोडली, तलावांची माती डोक्यावर वाहिली. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातून पुढं 1977 चा रोजगार हमीचा कायदा आला. पण डोंगरपट्ट्याला पोट भरायला दरवर्षी बाहेर जावंच लागलं. दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतं. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’वर. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बाई मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते, पहाटे उठून भाकरी थापते. हिशोबात मात्र ती अर्धा कोयता. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते, फेडायला मात्र दोघं.

या हिशोबाची किंमत शरीरानं मोजावी लागली. पाळीच्या, दुखण्याच्या दिवशी खाडा केला तर पैसे कापले जातात. 2019 मध्ये सरकारी समितीपुढं आलं, की जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दर सहा जणींत एक.

अजून एक आकडा. सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 2001 मध्ये 894 मुली होत्या, 2011 मध्ये 807. महाराष्ट्रात सगळ्यात कमी. चंपावतीच्या जिल्ह्यात मुलींना जन्मच घेऊ दिला नाही, हाही आपला इतिहासच.

म्हणून बायांनो, नोंद महत्त्वाची. कागदावर जे नाही, ते सरकार मोजत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईनं ग्रामपंचायतीत स्वतःच्या नावानं नोंद करावी, ओळखपत्र मागावं; नवऱ्याच्या नोंदीवर थांबू नये. सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का, तेही बघावं.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीला गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला बोलवा. रझाकाराच्या दिवसांचं घरात काय सांगायचे, दुष्काळात काय खाल्लं, पहिल्यांदा कारखान्याला कधी गेल्या, ते विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. हप्त्याचा हिशोब आपण पैशापर्यंत लिहितो. आजीचा हिशोबही त्याच वहीत असू द्या.