पाटीवरची फ्रॉकवाली

शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहावर रंगवलेली अंबाडेवाली बाई आठवते? आपण तर दोन वेण्यांतल्या! आज सगळीकडे दिसणारी फ्रॉकवाली आकृती रुळली ती १९७४ साली अमेरिकेच्या वाहतूक खात्यासाठी काढलेल्या ३४ चिन्हांमुळे. पुरुष म्हणजे साधा माणूस. बाई म्हणजे तोच, फ्रॉक घातलेला. २०१० मध्ये युनिकोडनेही तशी चिन्हं घेतली, म्हणून ती आपल्या मोबाइलमध्ये आहेत.

आतली सोयही पुरुष धरूनच आखलेली. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने विचारलं, पुरुषांना मुतारी फुकट, मग बायकांना पैसे का?

शाळेत आम्ही मुली दिवसभर पाणी पिणं टाळायचो. स्नेहमेळाव्याच्या निधीतून नवं स्वच्छतागृह बांधूया. पाटीवर नुसतं ‘मुली’ पुरे. आत पाणी, कडी आणि झाकणाचा डबा हवा.